डेटा मर्यादेचा इशारा थेट वेबपानात : इंटरनेट कंपन्यांची मजकूर घुसवण्याची पद्धत

इंटरनेट जोडणी देणारी कंपनी ग्राहकाने उघडलेल्या तिसऱ्याच कुणाच्या तरी संकेतस्थळाच्या पानात आपला मजकूर मिसळते, तेव्हा त्या प्रकाराला तंत्रज्ञ 'कंटेंट इंजेक्शन' म्हणतात. ग्राहक एखादी बातमी वाचत असतो आणि पानाच्या वरच्या भागात अचानक एक चौकट उमटते : या महिन्याच्या डेटा मर्यादेपैकी बराच भाग आपण वापरला आहे. ही चौकट त्या वृत्तपत्राने छापलेली नसते, किंबहुना त्याला तिची कल्पनाही नसते. सर्व्हरवरून निघालेले पान वाटेत उघडून त्यात चार ओळी वाढवलेल्या असतात.

या प्रथेचा मोठा काळ अमेरिका आणि कॅनडात गेला, तिचा एक गाजलेला अध्याय भारतातही घडला. आज तिची व्याप्ती बरीच आकसली आहे. मात्र जोडणी पुरवणाऱ्याचा अधिकार कुठे संपतो, हा तिने उपस्थित केलेला प्रश्न डेटा मर्यादा आणि वापराचे मीटर शिल्लक आहेत तोवर कायम राहणार आहे.

गूगलच्या पानावर रॉजर्सची चौकट

डिसेंबर २००७ मध्ये कॅनडातील रॉजर्स या कंपनीच्या एका ग्राहकाने गूगलचे मुखपृष्ठ उघडले, तेव्हा शोधपट्टीच्या वर कंपनीचा निरोप दिसला : महिन्याच्या मर्यादेचा ७५ टक्के वापर झाला आहे. अमेरिकेतील तंत्रज्ञान-अभ्यासक लॉरेन वाइनस्टाइन यांनी त्या पडद्याचे छायाचित्र प्रसिद्ध केले आणि वाद पेटला. योगायोग असा, की रॉजर्सच्या इंटरनेट सेवेच्या नावात त्या काळी याहूचे नाव जोडलेले होते. गूगलच्या पानावर, गूगलला न विचारता, तिच्या प्रतिस्पर्ध्याशी करार असलेली कंपनी मजकूर लावत होती.

रॉजर्सची बाजू सरळ होती. मर्यादा ओलांडल्यास ग्राहकाला जादा आकार भरावा लागतो, म्हणून त्याला वेळीच सावध केले. कंपनीने दिलेली ईमेल पेटी पुष्कळ ग्राहक उघडतच नाहीत, ब्राउझर मात्र सगळेच उघडतात. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. न मागितलेल्या जाहिरातीपेक्षा बिल वाढण्याचा इशारा निश्चितच उपयोगी असतो. पण पोस्टमनने टपालाचे पैसे थकल्याचे कळवायला दारावर थाप मारणे वेगळे, आणि आलेले पत्र फोडून त्यातील मजकुराच्या वर आपली सूचना लिहिणे वेगळे. आक्षेप निरोपाला नव्हता, निरोप पोचवण्याच्या जागेला होता.

त्याच सुमारास वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी ही गोष्ट मोजून पाहिली. आपल्या चाचणी-पानात त्यांनी असा कोड ठेवला की पान वाटेत बदलले गेल्यास ते उघडकीस यावे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पन्नास हजारांहून अधिक आयपी पत्त्यांवरून भेटी नोंदल्या गेल्या आणि त्यांतील एक टक्क्याहून जास्त जणांना बदललेले पान मिळाले. पुष्कळ बदल वापरकर्त्याच्याच संगणकावरील पॉपअप रोखणाऱ्या सॉफ्टवेअरने केलेले होते, तरी काही सेवापुरवठादार जाहिराती घालताना सापडले. अधिक चिंतेची बाब पुढे होती : यांतील काही बदलांमुळे मुळात सुरक्षित असलेल्या पानांत घुसखोरीला वाव देणारी छिद्रे निर्माण झाली होती.

यंत्रणा कशी चालते

जुन्या एचटीटीपी पद्धतीत सर्व्हर आणि ब्राउझर यांच्यातील मजकूर उघडा वाहतो. वाटेतील प्रत्येक यंत्राला तो वाचता येतो आणि बदलताही येतो. मजकूर सर्व्हरने पाठवला तसाच आला की नाही, हे ताडून पाहण्याची सोय त्या पद्धतीत ठेवलेलीच नव्हती. या एका उणिवेवर सारी यंत्रणा उभी राहिली.

तिचा सर्वांत तपशीलवार आराखडा अमेरिकेतील कॉमकास्ट कंपनीने स्वतःच जाहीर केला. फेब्रुवारी २०११ मध्ये आरएफसी ६१०८ या क्रमांकाने निघालेल्या त्या दस्तऐवजात सर्व भाग नावानिशी दिले आहेत. ज्या ग्राहकाला निरोप द्यायचा, त्याची पोर्ट ८० वरील वेब-वाहतूक तेवढी वेगळी काढून एका प्रॉक्सी सर्व्हरकडे वळवली जाते. त्यासाठी स्क्विड हे मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर वापरले होते. प्रॉक्सी पान आणते, ते दुसऱ्या सर्व्हरकडे सोपवते आणि तिथे पानाच्या एचटीएमएल मजकुरात जावास्क्रिप्टचा एक तुकडा जोडला जातो. ब्राउझर हा तुकडा संकेतस्थळाचाच समजून चालवतो आणि पानावर चौकट तरंगू लागते. ग्राहकाने निरोप वाचल्याची पोच दिली, की त्याची वाहतूक पुन्हा नेहमीच्या मार्गाने सुरू होते. ज्यांना निरोप द्यायचा नाही, त्यांच्या वाहतुकीला हात लावला जात नाही.

आरएफसी हा शब्द ऐकला की इंटरनेटचे अधिकृत मानक असावे असा समज होतो. हा दस्तऐवज तसा नाही. तो केवळ 'माहितीपर' वर्गातील, कंपनीच्या अभियंत्यांनी स्वतंत्रपणे सादर केलेला आहे. पुढे टीका झाली की कंपनी या क्रमांकाकडे बोट दाखवी, म्हणून हा फरक लक्षात ठेवावा लागतो. तरीही तो लिहिणाऱ्यांच्या पारदर्शकतेचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. इतर अनेक कंपन्यांनी हेच केले आणि अवाक्षर काढले नाही.

दस्तऐवजात हेतू दिला होता तो मुख्यतः सुरक्षेचा. संगणकाला घातक सॉफ्टवेअरची बाधा झाली असेल तर ग्राहकाला तातडीने कळवावे. त्याचबरोबर एक अट अतिशय ठासून लिहिली होती : या यंत्रणेतून कोणत्याही परिस्थितीत जाहिराती घालायच्या किंवा बदलायच्या नाहीत.

इशाऱ्यापासून विक्रीपर्यंत

कॉमकास्टच्या डेटा मर्यादेचा इतिहास या यंत्रणेला समांतर चालतो. २००८ पूर्वी कंपनी 'अतिवापर' करणाऱ्यांची जोडणी तोडत असे, पण अति म्हणजे किती हे सांगत नसे. १ ऑक्टोबर २००८ पासून महिन्याला २५० जीबी ही मर्यादा जाहीर झाली. २०१२ मध्ये ती स्थगित झाली आणि काही शहरांत ३०० जीबी व त्यापुढे दर ५० जीबीला १० डॉलर असा प्रयोग सुरू झाला. २०१६ मध्ये मर्यादा एक टीबीवर गेली व त्या वर्षाच्या नोव्हेंबरपासून आणखी बऱ्याच राज्यांत लागू झाली, तेव्हा जादा आकाराची कमाल पातळी महिन्याला २०० डॉलर होती. कोविडच्या काळातील सवलत संपल्यावर २०२० मध्ये ती १.२ टीबी करण्यात आली. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि ईशान्येकडील इतर राज्यांत मर्यादा आणण्याची घोषणाही त्याच वर्षअखेरीस झाली. मराठी कुटुंबांची वस्ती मोठी असलेल्या या पट्ट्यात तिला तीव्र विरोध झाला, राज्यपातळीवरील लोकप्रतिनिधींनी आवाज उठवला आणि अंमलबजावणी पुढे ढकलत ढकलत बारगळली.

१.२ टीबी म्हणजे नेमके किती? नेटफ्लिक्सच्या माहितीनुसार सर्वोच्च दर्जाच्या चित्रपटाला तासाला सुमारे ७ जीबीपर्यंत डेटा लागतो. त्या हिशेबाने ही मर्यादा महिन्याला सुमारे १७० तासांत संपते. आजीआजोबा मालिका पाहत आहेत, मुले खेळ उतरवून घेत आहेत आणि आईवडील घरून काम करत आहेत, अशा घरात हा आकडा गाठणे अवघड नाही. म्हणूनच इशारा हवा असतो, आणि तो वेळेवर हवा असतो.

मर्यादेजवळ आलेल्या ग्राहकांना ईमेलबरोबर ब्राउझरमध्येही सूचना दिली जाऊ लागली. पण यंत्रणा एकदा बसवली की तिला नवनवी कामे सुचत जातात. २०१३ पासून चित्रपट-संगीताच्या बेकायदा उताऱ्यांविषयीचे इशारे याच मार्गाने येऊ लागले. २०१४ मध्ये कॉमकास्टच्या सार्वजनिक वाय-फायवर कंपनीच्याच सेवांच्या जाहिराती इतरांच्या पानांवर तरंगताना आढळल्या. ही यंत्रणा वेगळी होती, तंत्र मात्र तेच. डिसेंबर २०१७ मध्ये ग्राहकांच्या पानांत 'आपला मोडेम जुना झाला आहे, नवा घ्या' अशा आशयाचे निरोप आले. कंपनीच्या मते ती जाहिरात नव्हती, सेवेविषयीची सूचना होती. जाहिरातबंदीची अट स्वतःच लिहिलेल्या कंपनीला सूचना आणि विक्री यांच्यातील रेषेचा असा अर्थ लावावा लागला, यातच या प्रथेचा स्वभाव दिसतो.

हे केवळ एका कंपनीपुरते नव्हते. ऑगस्ट २०१५ मध्ये स्टॅनफर्डचे संगणकशास्त्रज्ञ जोनाथन मेयर यांना वॉशिंग्टनच्या डलस विमानतळावर एटी अँड टीच्या मोफत वाय-फायवरून उघडलेल्या पानांत परक्या जाहिराती दिसल्या. भारतात ये-जा करणाऱ्या अनेकांच्या परिचयाचा हा विमानतळ. टीकेनंतर कंपनीने तो प्रयोग थांबवल्याचे सांगितले. व्हेरायझनने तर पानाऐवजी ग्राहकाच्या विनंतीतच एक अदृश्य ओळखक्रमांक जोडला होता. त्याबद्दल अमेरिकेच्या संघीय संप्रेषण आयोगाने, म्हणजे एफसीसीने, मार्च २०१६ मध्ये १३.५ लाख डॉलरची तडजोड करून घेतली.

भारतातील प्रकरण : जून २०१५

बंगळुरूतील एका प्रोग्रामरला एअरटेलच्या ३जी जोडणीवरून स्वतःचेच संकेतस्थळ उघडले असता त्यात आपण न लिहिलेला जावास्क्रिप्ट कोड आढळला. त्याने तो कोड गिटहबवर सर्वांसमोर ठेवला. कोड फ्लॅश नेटवर्क्स या इस्रायली कंपनीचा होता. थोड्याच दिवसांत त्या कंपनीच्या वतीने मुंबईतील एका विधिसंस्थेची नोटीस त्याच्या हाती पडली. गोपनीय कोड उघड करून स्वामित्वहक्काचा भंग केल्याचा आरोप तिच्यात होता. गिटहबवरील मजकूरही अमेरिकेच्या स्वामित्वहक्क कायद्याखाली उतरवण्यात आला.

स्वतःच्या घराच्या भिंतीवर परक्याने चिकटवलेले भित्तिपत्रक घरमालकाने शेजाऱ्याला दाखवावे आणि भित्तिपत्रकवाल्याने घरमालकालाच कोर्टाची भीती घालावी, असा हा उफराटा न्याय होता. समाजमाध्यमांवर संताप उसळल्यावर एअरटेलने नोटिशीशी आपला संबंध नसल्याचे स्पष्ट केले. कोडविषयीचे तिचे स्पष्टीकरण मात्र रॉजर्सच्या वळणाचेच होते : ग्राहकांना आपण किती एमबी वापरले हे कळावे म्हणून चाललेला हा चाचणी-प्रयोग आहे, जगभरच्या दूरसंचार कंपन्या असे करतात. शेवटचे विधान खोटे नव्हते, आणि अडचण नेमकी तीच होती.

वापर किती झाला हे कळवण्यासाठी मोबाइल कंपनीजवळ एसएमएसचा हक्काचा मार्ग असतो. भारताच्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१६ मध्ये ब्रॉडबँडच्या वापरमर्यादेविषयी दिलेल्या निर्देशातही ग्राहकाला इशारा देण्याची अपेक्षा याच सरळ मार्गांनी होती.

धोका कुठे आहे

चौकट त्रासदायक असते, हा यातला सर्वांत किरकोळ भाग. घुसवलेला कोड ब्राउझरच्या लेखी त्या संकेतस्थळाचा असतो. म्हणजेच पानावरील सर्व काही वाचण्याची, त्यातील अर्जात भरलेली माहिती पाहण्याची मुभा त्याला मिळते. कंपनी तसे करत नसेलही. परंतु ही मुभा कुणी दिली, याचे उत्तर मिळत नाही.

मार्च २०१५ मध्ये गिटहबवर झालेला प्रचंड हल्ला याच तंत्राच्या दुसऱ्या टोकाचे उदाहरण आहे. चीनबाहेरून बायडू या चिनी कंपनीचा कोड असलेली पाने उघडणाऱ्यांच्या वाहतुकीत वाटेतच घातक जावास्क्रिप्ट मिसळली गेली आणि त्या बेखबर लोकांचे ब्राउझर गिटहबवर विनंत्यांचा मारा करू लागले. टोरंटोच्या सिटिझन लॅबने या यंत्रणेला 'ग्रेट कॅनन' असे नाव दिले. डेटा मर्यादेची चौकट आणि हा हल्ला यांत हेतूचा फरक आकाशपाताळाचा आहे. तंत्राचा फरक नगण्य आहे.

तिसरा धोका सवयीचा. बातमीच्या पानावर आपल्या इंटरनेट कंपनीच्या नावाने चौकट येते, तिच्यावर टिचकी मारायची असते, हे ग्राहकाच्या अंगवळणी पडले की भामट्यांचे काम सोपे होते. 'आपल्या संगणकात विषाणू आहे, या क्रमांकावर फोन करा' या धर्तीच्या बनावट चौकटी अमेरिकेत वर्षानुवर्षे लोकांना, विशेषतः ज्येष्ठांना, लुबाडत आल्या आहेत. खऱ्या कंपनीची खरी सूचना त्यांच्यासारखीच दिसत असेल, तर मुलांकडे सहा महिने राहायला आलेल्या आईवडिलांनी तरी फरक कसा ओळखावा? चौकटीतील दुव्याला किंवा क्रमांकाला हात न लावता कंपनीच्या ॲपमध्ये अथवा बिलावर छापलेल्या क्रमांकावर खातरजमा करणे, एवढा एकच नियम घरातील सर्वांना सांगण्याजोगा आहे.

कायद्याची बाजू

युरोपीय संघाच्या २०१५ मधील मुक्त इंटरनेट नियमावलीत सेवापुरवठादाराने मजकूर अडवू नये, मंद करू नये याच्या जोडीला तो बदलूही नये, असे शब्द आहेत. २०१६ पासून ती लागू आहे आणि ब्रेक्झिटनंतर ब्रिटनने तिचा गाभा कायम ठेवला. अमेरिकेत इतकी स्पष्टता कधी आली नाही. ग्राहकांच्या ब्राउझिंगविषयीचे एफसीसीचे गोपनीयता नियम २०१७ मध्ये काँग्रेसने लागू होण्याआधीच रद्द केले. नेट न्यूट्रॅलिटीचे नियम २०१५ मध्ये आले, २०१७ मध्ये गेले, २०२४ मध्ये परतले आणि २ जानेवारी २०२५ रोजी सहाव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने ते पुन्हा मोडीत काढले. अशा झोक्यावर ग्राहकाने किती विसंबावे हा प्रश्नच आहे.

पत्राला लखोटा मिळाला

प्रत्यक्षात ही प्रथा आकसली ती कायद्याने नव्हे, एन्क्रिप्शनने. एचटीटीपीएस पद्धतीत पान कूटबद्ध होऊन येते आणि वाटेत एक अक्षर जरी बदलले, तरी ब्राउझर ते नाकारतो. चौकट घालायला फटच उरत नाही. पूर्वी यासाठी लागणारे प्रमाणपत्र विकत घ्यावे लागे, ते बसवणेही किचकट होते. डिसेंबर २०१५ मध्ये लेट्स एन्क्रिप्ट या ना-नफा उपक्रमाने प्रमाणपत्रे सर्वांसाठी मोफत आणि स्वयंचलित केली. जानेवारी २०१७ च्या सुमारास फायरफॉक्सवर उघडल्या जाणाऱ्या पानांपैकी निम्म्याहून अधिक कूटबद्ध झाल्याची नोंद मोझिलाने केली आणि जुलै २०१८ पासून गूगल क्रोमने प्रत्येक साध्या एचटीटीपी संकेतस्थळापुढे 'असुरक्षित' असा शिक्का मारण्यास सुरुवात केली.

आजही जी संकेतस्थळे जुन्या पद्धतीवर आहेत, त्यांच्या पानांत वाटेत कुणालाही हात घालता येतो. एखाद्या मंडळाचे, शाळेचे किंवा कौटुंबिक संकेतस्थळ सांभाळणाऱ्याने पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस आहे ना, हे पाहून घ्यावे. काम अर्ध्या तासाचे आहे आणि प्रमाणपत्राला खर्च नाही. अर्थात लखोट्यावरचा पत्ता सेवापुरवठादाराला अजूनही बहुधा दिसतो. कोणते संकेतस्थळ उघडले हे त्याला कळते, आतला मजकूर कळत नाही.

इशारा देण्याचा सभ्य मार्गही दरम्यान तयार झाला आहे. सप्टेंबर २०२० मध्ये निघालेल्या आरएफसी ८९०८ या मानकानुसार हॉटेल-विमानतळासारख्या ठिकाणचे नेटवर्क 'किती वेळ उरला' आणि 'किती बाइट उरले' ही माहिती थेट फोनच्या ऑपरेटिंग सिस्टीमला देऊ शकते. ती कुणाच्याही पानात ढवळाढवळ न करता फोनच्याच सूचनांमध्ये दाखवता येते. घरच्या जोडणीसाठी एसएमएस, ईमेल आणि कंपनीचे ॲप आहेच.

मीटर कुणाचे?

चौकट गेली, तरी तिच्यातील आकडा राहिला. अमेरिकेत पेट्रोल पंपाच्या मापाची तपासणी वजनमापे खाते करते, विजेच्या मीटरवर नियामकाची नजर असते. डेटाचा वापर मात्र कंपनी स्वतः मोजते, स्वतः सांगते आणि त्यावरून स्वतःच जादा आकार लावते. आकडा पटत नसल्यास ग्राहकाच्या हाती घरच्या राउटरवरील नोंद एवढाच पुरावा असतो. तो ठेवणेही सगळ्या राउटरना जमत नाही. जमत असेल तर महिनाअखेर कंपनीच्या आकड्याशी तो ताडून पाहावा आणि मोठी तफावत दिसल्यास लेखी तक्रार करावी. कंपनीने दाद न दिल्यास एफसीसीच्या ग्राहक तक्रार केंद्रात विनामूल्य तक्रार नोंदवता येते आणि सेवापुरवठादाराला तिला उत्तर द्यावे लागते.

एप्रिल २०२४ पासून मोठ्या आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून लहान सेवापुरवठादारांना खाद्यपदार्थांच्या वेष्टनावरील तक्त्यासारखे एक 'ब्रॉडबँड लेबल' विक्रीच्या जागी दाखवणे बंधनकारक झाले आहे. मासिक दरात किती डेटा येतो आणि त्यापुढे किती आकार पडतो, हे त्यावर लिहिलेले असते. जून २०२५ मध्ये कॉमकास्टने आपल्या नव्या योजना अमर्याद डेटासह आणल्या. जुन्या योजनेवर असलेल्यांना मात्र आपली योजना कोणती, तिला मर्यादा आहे का आणि नव्या योजनेकडे वळणे परवडते का, हे स्वतः पाहावे लागते.